अकोल्याच्या वस्तऱ्याला अमेरिकेचा कायदा

"काऊन वं ताई, वस्तरा कायले पाह्यजे तुले?"

अमरावतीच्या इतवारा बाजारात एका भंगारवाल्याने मला विचारलेला हा प्रश्न. त्यानंतर तो मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता उत्तर तयार असतं. माझं संशोधन वऱ्हाडातल्या बलुतेदारांच्या अवजारांवर आहे आणि त्यातलं एक प्रकरण न्हाव्याच्या धोकटीचं आहे. पण भंगाराच्या दुकानात उभं राहून 'प्रकरण' वगैरे बोलून चालत नाही. मी म्हणते, "न्हाव्याच्या जुन्या वस्तूंवर अभ्यास करते, भाऊ." मग तो एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या पिशवीकडे बघतो आणि पत्र्याचा डबा पुढे सरकवतो.

त्या डब्यात काय नसतं! गंजलेले अडकित्ते, बिनकिल्लीची कुलपं, पितळी वजनं, पेटीच्या कड्या, कातऱ्या. आणि नशीब असेल तर तळाशी एक-दोन वस्तरे. अमरावती-अकोल्यात पुण्या-मुंबईसारखी काचेच्या कपाटांची अँटिक दुकानं शोधू नका. इथे जुनी वस्तू भंगारवाल्याकडे मिळते, जुन्या भांड्यांच्या दुकानात मिळते, नाहीतर थेट घरात. 'अँटिक' हा शब्द तर उच्चारूच नका. पन्नासचे पाचशे व्हायला तेवढा एक शब्द पुरतो.

हे वस्तरे भंगारात आले कधी? बरेचसे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण 1986 मध्ये सापडले आणि पुढच्या काही वर्षांत सलूनमध्ये गिऱ्हाईकच म्हणू लागलं, "ब्लेड नवीन लावा." दरवेळी अर्धं ब्लेड मोडून घालायचा वस्तरा आला आणि पथरीवर धार लावायचा, चामड्याच्या पट्ट्यावर पाजवायचा वस्तरा घरी ट्रंकेत गेला. पुढे ट्रंकेसकट भंगारात.

आता मुद्द्याचं. वस्तरा हा इतिहासाचा पुरावा म्हणून वापरायची गरजच का पडावी? कागदपत्रं नाहीत का? आहेत, पण वस्तरा त्यात दिसत नाही. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. 1867 मध्ये जीआयपी रेल्वेची लाइन अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. कापूस मुंबईला जाऊ लागला आणि परतीच्या डब्यांतून विलायती माल येऊ लागला, हे आपण सगळे परीक्षेत लिहितो. पण सागरी व्यापाराच्या सरकारी तक्त्यांत वस्तरा जातो 'हार्डवेअर आणि कटलरी' या सदरात. मुंबई बंदरात किती रुपयांची कटलरी उतरली हे कळतं. त्यातला वस्तरा अकोल्याच्या न्हाव्याच्या हातात कधी पडला, गावच्या लोहाराने घडवलेला वस्तरा त्याने कधी बाजूला ठेवला, हे कळत नाही. अकोला जिल्ह्याचं 1910 चं गॅझेटियर काढा, अमरावतीचं 1911 चं काढा. न्हावी तिथे जात म्हणून येतो, गावचा सेवक म्हणून येतो. त्याच्या हातात काय होतं, हे विचारायचं असेल तर वस्तूकडेच जावं लागतं.

गेले, आणि पहिल्याच वस्तूचं मी वाटोळं केलं.

इतवाऱ्यात मिळालेला तो पहिला वस्तरा पूर्ण तांबूस झालेला होता. दांडीवर, म्हणजे पातं आणि शेपूट यांच्या मधल्या भागावर, काही अक्षरं पुसट दिसत होती. शेवटची चार मला लागली: GERS. उत्साहाच्या भरात होस्टेलवर आल्या आल्या बारीक सँडपेपर घेतला आणि अर्ध्या तासात पातं आरशासारखं केलं. अक्षरं गेली. मुठीच्या आतल्या बाजूला कुणीतरी टोच्याने केलेल्या खुणा होत्या, त्याही गेल्या. आता तो माझ्या टेबलावर कागद दाबायला असतो. तो जोसेफ रॉजर्सचा होता की रॉजर्सच्या नावाची नक्कल करणाऱ्या कुणाचा, हे आता कोणालाच कळणार नाही. म्हणून सांगते, गंज हात लावण्याआधी वाचा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बस्स. मोबाइलचा टॉर्च दांडीच्या अगदी बाजूने, आडवा धरा. समोरून न दिसणारं अक्षर सावलीमुळे उठून येतं. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली तर ठसा कागदावर उतरतो. लहानपणी नाण्यांचे काढायचो तसाच. हे सगळं झाल्यावर थोडं मशीनचं तेल. सँडपेपर नाहीच.

दांडीच्या दोन्ही बाजू बघा. एका बाजूला बहुधा कारखानदाराचं नाव आणि गाव असतं, दुसऱ्या बाजूला कधी व्यापाऱ्याचं नाव तर कधी नुसता आकडा. इंग्लंडमधलं शेफिल्ड आणि जर्मनीतलं झोलिंगेन ही गावं कायम डोक्यात ठेवा. क्वचित स्वीडनचं एस्किल्स्टुना. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण म्हणजे एक चांदणी आणि शेजारी माल्टीज क्रॉस, चार पाकळ्यांच्या फुलासारखा. झोलिंगेनच्या हेंकेल्सची खूण हात धरून उभी असलेली दोन माणसं. काही शेफिल्डी वस्तऱ्यांवर राजमुकुट आणि अक्षरं असतात. V.R. असेल तर व्हिक्टोरिया राणी, म्हणजे 1837 ते 1901. G.R. दिसलं तर मात्र थांबा. जॉर्ज एक नव्हता. 1830 च्या आधीचा जॉर्ज आणि 1910 नंतरचा जॉर्ज यांत ऐंशी वर्षांचं अंतर आहे. इथे पात्याचा आडवा छेद मदतीला येतो. जुनी पाती पाचरीसारखी भरीव असतात, पाठीकडून धारेकडे सरळ उतरत जाणारी. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं पातळ पातं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलं आणि त्यात झोलिंगेनवाल्यांनी नाव काढलं. पाचरीसारखं पातं आणि G.R. असेल तर एक शक्यता, खोलगट पातं आणि G.R. असेल तर दुसरी.

कधी पात्यावर SILVER STEEL असं कोरलेलं सापडतं. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 1794 मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी इथल्या पोलादाचे, ज्याला इंग्रज 'वूट्झ' म्हणायचे त्याचे, नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. त्या पोलादाचं गुपित शोधता शोधता जेम्स स्टोडार्ट हा हत्यारं बनवणारा कारागीर आणि तरुण मायकेल फॅरडे, हो, विजेचाच फॅरडे, यांनी 1820 च्या आसपास पोलादात चांदीसकट बरेच धातू मिसळून पाहिले. पुढे शेफिल्डवाल्यांनी 'सिल्व्हर स्टील' हे नाव जाहिरातीसारखं वापरलं. त्यात चांदी असेलच असं नाही. वूट्झ जिथे होत असे त्यातलं एक प्रसिद्ध गाव, कोनासमुद्रम, आजच्या तेलंगणात आहे, निर्मळच्या दक्षिणेला. म्हणजे आपल्या यवतमाळच्या सीमेपासून फार लांब नाही. असो.

माझी खरी फजिती झाली ती तारखेवरून.

दुसरा वस्तरा अकोल्यात मिळाला, ताजनापेठेच्या बाजूला एका भांडीवाल्याकडे. दांडीच्या एका बाजूला मुंबईच्या एका व्यापाऱ्याचं नाव आणि खाली बारीक अक्षरात GERMANY. मी तोपर्यंत संग्राहकांची इंग्रजी पुस्तकं वाचून शहाणी झाले होते. त्यांत एक नियम सगळीकडे सापडतो: अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ले टॅरिफ कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं 1891 पासून सक्तीचं केलं, म्हणून वस्तऱ्यावर देशाचं नाव असेल तर तो 1891 नंतरचा आणि नसेल तर आधीचा. मी कच्च्या प्रकरणात लिहून टाकलं: 'प्रस्तुत वस्तरा 1891 नंतरचा आहे.' त्याच परिच्छेदात, शेफिल्डचा आणखी एक वस्तरा ENGLAND हा शब्द नाही म्हणून 1891 च्या आधीचा ठरवला. दोन वाक्यांत दोन वस्तरे निकाली!

गाइडनी समासात पेन्सिलने एकच ओळ लिहिली: 'अमेरिकेचा कायदा अकोल्याला कोणी लागू केला?'

दोन दिवस मला राग आला होता. तिसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन बसले.

मॅकिन्लेचा कायदा अमेरिकेत येणाऱ्या मालासाठी होता. शेफिल्डहून मुंबईला जाणाऱ्या पेटीशी त्याचा काही संबंध नाही. मग इथे कोणता कायदा होता? होता. ब्रिटनमध्ये 1887 चा मर्चंडाइज मार्क्स कायदा झाला. परदेशी मालावर आपल्या गावाचं नाव घालून विकतात, ही शेफिल्डच्या कारागिरांची जुनी तक्रार त्याच्या मागे होती. त्याच्या पाठोपाठ 1889 मध्ये हिंदुस्थानासाठी इंडियन मर्चंडाइज मार्क्स कायदा आला आणि त्याने 1878 च्या सी कस्टम्स कायद्याच्या कलम 18 मध्ये भर घातली. तिचा आशय असा: माल ब्रिटन आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाहेर तयार झालेला असेल आणि त्यावर ब्रिटनमधल्या किंवा हिंदुस्थानातल्या कारखानदाराचं वा व्यापाऱ्याचं नाव असेल, तर तो खरोखर कोणत्या देशात झाला हे स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, नाहीतर आयात करता येणार नाही.

हे वाचल्यावर माझे दोन्ही वस्तरे टेबलावर उलटे झाले.

शेफिल्डचा आधी. या कायद्याच्या नजरेत ब्रिटन हा परका देश नाही. त्यामुळे इथे येणाऱ्या शेफिल्डच्या मालावर ENGLAND लिहिण्याची सक्ती नव्हती. काही कारखानदार सगळ्या बाजारांसाठी एकच ठसा वापरत, म्हणून इथल्या वस्तऱ्यांवरही ENGLAND सापडतं. पण नसेल तर? तो 1880 चा असू शकतो, 1910 चा असू शकतो, 1925 चाही. अमेरिकेत तारीख सांगणारी ती रिकामी जागा वऱ्हाडात काहीच सांगत नाही.

आणि जर्मन वस्तरा? त्याची तारीख फारशी हलली नाही; 1891 ऐवजी 1889 च्या सुमाराच्या पुढचा असण्याची शक्यता जास्त, इतकंच. त्याआधी कुणी आपणहून देशाचं नाव घातलं नसेल असंही नाही, म्हणून मी आता 'शक्यता' हा शब्द ठेवते. पण कारण बदललं आणि कारणासोबत गोष्टच बदलली. आधी मला GERMANY म्हणजे नुसतं उत्पादनाचं ठिकाण वाटत होतं. आता कळलं की तो शब्द तिथे आहे तो वरच्या व्यापाऱ्याच्या नावामुळे. म्हणजे मुंबईतला एक व्यापारी झोलिंगेनला आपल्या नावाने माल बनवून घेत होता, आणि कायदा त्याला खरं गाव लिहायला लावत होता. एका शब्दात अकोला, मुंबई आणि झोलिंगेन जोडले गेले. माझ्या प्रकरणात या वस्तऱ्याला आधी दीड ओळ होती, आता चार पानं आहेत.

शिवाय 1914 ला महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन माल बंद पडला, 1939 ला पुन्हा बंद पडला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फाळणीनंतर WEST GERMANY असे ठसे येऊ लागले. या खाचा लक्षात ठेवल्या की जर्मन वस्तऱ्याचा काळ बऱ्यापैकी आवळता येतो. अर्थात ठसा फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतो. मुंबईच्या गोदामात पेटी दहा वर्षं पडून राहिली असेल, न्हाव्याने तो सासऱ्याकडून घेतला असेल, ते ठशात नसतं.

ते कशात असतं? झिजेत. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या काकाजींनी शिकवलं. त्यांचं दुकान आता नातू चालवतो. मोर्णेच्या पलीकडे, गल्लीत, दोन खुर्च्यांचं. मी वस्तऱ्यांचे फोटो दाखवत होते तर ते आत गेले आणि कापडात गुंडाळलेली धोकटी घेऊन आले. पथरी, चिमटा, नराणी, पितळी वाटी, एक फुटका आरसा आणि वस्तरा.

"हा चांदनीवाला हाय. आमच्या बुढ्याचा."

त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. रॉजर्स हे नाव त्यांना माहीत नव्हतं. पण चांदणी आणि क्रॉसची खूण त्यांच्या वडिलांच्या पिढीला पाठ होती. नकली माल त्यावरून ओळखायचे म्हणे, चांदणीची टोकं बोटाने चाचपून. मी कितीतरी दिवस ठशातली अक्षरं लावत बसले होते, आणि ज्यांनी ती वस्तू आयुष्यभर वापरली त्यांनी ती अक्षरं कधी वाचलीच नव्हती. माझ्या नोंदीच्या तक्त्यात 'ब्रँड' असा रकाना होता. त्याच्या शेजारी मी त्या रात्री 'स्थानिक नाव' असा रकाना वाढवला.

मग त्यांनी पातं उघडून माझ्यासमोर धरलं. "पाह्य, किती राह्यलं." वस्तरा पथरीवर लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, त्यामुळे दोन्ही झिजतात आणि धारेचा कोन साधारण तसाच राहतो. नव्या पात्याची पाठ त्याच्या रुंदीच्या सुमारे चौथा हिस्सा जाड असते. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, पाच अष्टमांश, सहा अष्टमांश अशी. काकाजींच्या वस्तऱ्याचं पातं अर्ध्या इंचाच्याही आत आलं होतं आणि पाठीवर दोन्हीकडून चपट्या, चकचकीत पट्ट्या पडल्या होत्या. संग्राहक अशा वस्तऱ्याला मोडीत काढतो, त्याला भरलेलं पातं हवं असतं. आपल्याला नेमकं उलटं हवं. भरलेलं पातं कुणीतरी साहेबाच्या पेटीत पडून होतं. झिजलेल्याने काम केलंय. मूठ मूळची नव्हतीच. एक पट्टी शिंगाची, दुसरी लाकडाची, खिळा म्हणून तांब्याची तार ठोकलेली. (मूठ हस्तिदंती निघाली तर मात्र विकत घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या नंतरच्या दुरुस्त्यांनी त्याची खरेदी-विक्री बंद आहे. फोटो काढा, माप घ्या, परत द्या.)

काकाजी बोलत गेले. बलुत्याची ज्वारी कोणत्या घरून किती यायची. लग्नात न्हाव्याचा मान काय. दहाव्याला नदीवर जायचं असेल तर वडील कोणता वस्तरा न्यायचे. तो वेगळा होता, चांदणीवाला नव्हे. मी विचारलं, बायांचं केशवपन करायला जायचे का? 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी जमले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं, हे मी वाचलेलं. त्याचा काही आवाज वऱ्हाडात पोचला होता का, हे मला हवं होतं. काकाजी म्हणाले, "आईनं जाऊ देलं नाई त्याईले. एवढंच आईकलं." मुंबईच्या सभेचं त्यांना काही माहीत नव्हतं. मी तेवढंच लिहून घेतलं, एक अक्षर जास्त नाही.

मग त्यांनी स्वतःहूनच सांगितलं की गावाच्या एका बाजूला वडील जात नव्हते. "तिकडं नोयते जात. तवाच्या काळात तसंच होतं." नातवाने कातरी थांबवली. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. तिकडच्या माणसांचे केस मग कोण कापायचं, हा तो प्रश्न होता, आणि तो माझ्या प्रबंधाच्या मध्यभागी असायला हवा. विचारला नाही, कारण समोर चहा आला होता आणि मला त्यांना नाराज करायचं नव्हतं. क्षेत्रकार्याच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर मी 'विचारलं नाही' असंच लिहिलंय. उद्या कुणी म्हणेल, काकाजींनी टाळलं. नाही, मी टाळलं.

तो वस्तरा मी मागितला नाही. त्यांनीही देऊ केला नाही. तिथेच खुर्चीवर पांढरा कागद पसरून फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून. पेन्सिलने ठसा उतरवला. भंगारातून वस्तू घेतली तर तिच्या मागचा माणूस आधीच निसटलेला असतो, 'हे कुठून आलं' विचारलं की भंगारवाला म्हणतो, "आलं असन कुठून तरी." तेही लिहून ठेवायचं, तारीख, दुकान आणि दिलेल्या पैशांसकट, त्याच दिवशी, बिल मिळत नाही म्हणून. इथे निदान दोन पिढ्यांची साखळी होती. त्या साखळीतून वस्तरा काढून माझ्या कपाटात ठेवला असता तर माझ्याकडे एक झिजलेलं पातं उरलं असतं, दुसरं काही नाही.

निघताना त्यांनी वस्तरा चामड्यावर दोनदा फिरवला, सवयीने, आणि कापडात गुंडाळला. म्हणाले, फोटो कागदावर काढून आण, मोबाइलात मला दिसत नाही.

प्रिंट काढून ठेवलीय, मोठी, चांदणी नीट दिसेल अशी. दिवाळीनंतर जाईन. तो राहिलेला प्रश्न वहीच्या त्याच पानावर खाली लिहिलाय. या वेळी चहाच्या आधी विचारेन.